कर्तव्यांच्या पेचात धर्म कसा शोधावा

वडिलांचे दिवसकार्य होऊन महिना झाला होता. ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती, मध्ये लाकडी पाट, पाटावर हक्कसोडपत्राचा टंकलिखित मसुदा आणि त्यावर वारा लागून पाने उडू नयेत म्हणून ठेवलेला पितळी तांब्या. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदवायचा होता. सह्या मात्र घरीच उरकून घ्याव्यात असे ठरले होते. चुलत्यांनी पेन पुढे केले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, पेन्सिलीने खूण केली आहे तिथे सही कर." तिने पेन घेतले, पहिले पान उलटले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "दादा, वाचून बघू का?" नाही म्हणायला कोणाकडे कारण नव्हते, तरीही काही क्षण 'हो' असे कोणाच्याच तोंडून आले नाही. तो कागद मीच तयार करून घेतला होता. घराण्याची जमीन एकत्र ठेवणे हे थोरल्या मुलाचे कर्तव्य आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती, आणि तिच्या त्या चार शब्दांनी ती समजूत पहिल्यांदा हलली.

त्या दिवशी सही झाली नाही. पुढचे तीन महिने मी जे वाचले, ज्यांना विचारले आणि ज्या रीतीने निर्णयापर्यंत पोहोचलो, ती रीत येथे मांडतो आहे. प्रसंग माझ्या घरचा असला तरी आईवडिलांची सेवा आणि नोकरी, मित्राशी इमान आणि खरी साक्ष, मुलांचे शिक्षण आणि भावाचे कर्ज अशा कोणत्याही पेचात ती उपयोगी पडावी.

आधी शब्दाचा अर्थ नीट लावावा

शाळेच्या दाखल्यावर किंवा एखाद्या अर्जावर 'धर्म' या रकान्यापुढे आपण जे लिहितो, त्यापेक्षा मराठी बोलण्यातला धर्म पुष्कळ रुंद आहे. आपण शेजारधर्म म्हणतो, धर्मशाळा म्हणतो, धर्मादाय म्हणतो, आणि 'वाहणे हा पाण्याचा धर्म आहे' असेही सहज म्हणून जातो. या सगळ्यांच्या मुळाशी 'धृ' हा धातू आहे, आणि त्याचा अर्थ धरून ठेवणे, आधार देणे असा आहे. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला हेच सांगतात, की धारण करतो म्हणून त्याला धर्म म्हणतात, आणि प्रजा ज्याच्या आधाराने टिकून राहते तो धर्म. म्हणून कोणत्याही पेचात स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न असा असावा, की मी जे करणार आहे त्याने कोण धरले जाते आणि कोणाचा हात सुटतो. माझ्यासमोरच्या कागदाच्या नावातच 'सोड' होते, आणि सोडणारी एकटी बहीण होती, हे मला हा प्रश्न विचारल्यावर दिसले.

दुसरी गोष्ट म्हणजे साधारण धर्म आणि विशेष धर्म यांतला फरक. विशेष धर्म म्हणजे मुलगा, शिक्षक, वैद्य, राजा अशा भूमिकेतून येणारे कर्तव्य; साधारण धर्म म्हणजे माणूस म्हणून सर्वांना लागू असलेले कर्तव्य. याज्ञवल्क्यस्मृतीने अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), शौच, इंद्रियनिग्रह, दान, दम, दया आणि क्षांती अशी नऊ साधने देऊन ती सर्वांसाठी आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारात मी असा नियम पाळतो, की माझ्या भूमिकेचे कर्तव्य पार पाडण्यासाठी यांपैकी एखादे मोडावे लागत असेल, तर भूमिकेचे कर्तव्य समजून घेण्यातच माझी काही चूक होत असावी असे आधी गृहीत धरायचे. थोरला भाऊ म्हणून जमीन राखायची असेल, पण ती राखण्यासाठी दुसऱ्याचे न विचारता घ्यावे लागत असेल, तर तिथे अस्तेयाला धक्का लागतो. मग त्याला घराण्याची काळजी असे नाव देऊन भागत नाही.

नाती आणि ऋणे कागदावर मांडावीत

मनातल्या मनात विचार करत राहिलो की जे नाते सर्वांत मोठ्याने बोलते तेच जिंकते. म्हणून एक कोरा कागद घ्यावा आणि या प्रसंगात आपण कोणाकोणाचे कोण लागतो ते एकाखाली एक लिहून काढावे. मी असे लिहिले होते: आईचा मुलगा, वडिलांचा वारस, धाकट्या भावाचा मोठा भाऊ, आणि या भावाच्या डोक्यावर विहीर आणि पाइपलाइनीचे कर्ज आहे, बहिणीचा भाऊ, माझ्या दोन मुलांचा बाप. प्रत्येक नात्यापुढे त्या माणसाचे मी काय देणे लागतो ते लिहिले. आपल्या परंपरेने कर्तव्याचा विचार देण्याच्याच भाषेत केला आहे. ब्राह्मण जन्माला येतो तो ऋषिऋण, देवऋण आणि पितृऋण घेऊनच, असे तैत्तिरीय संहिता सांगते, आणि शतपथ ब्राह्मणाने हे प्रत्येक माणसाला लावून त्यात चौथे मनुष्यऋण जोडले आहे. पितृऋणाच्या नावाखाली मी वडिलांची जमीन अखंड ठेवण्याची इच्छा लिहिली. मग लक्षात आले, की मुलीच्या लग्नानंतर दर दिवाळीला तिच्या सासरी स्वतः जाऊन भाऊबिजेचे बोलावणे करणारे वडीलही तेच होते, आणि ती दुसरी ओळ मी लिहिलीच नव्हती.

यानंतर कागदाच्या उजव्या बाजूला एक रेघ ओढावी आणि प्रत्येक कर्तव्यासमोर, ते पार पाडल्याने आपला स्वतःचा फायदा किती होतो, हे प्रामाणिकपणे लिहावे. ही पायरी टाळण्याचा मोह फार होतो, आणि म्हणूनच ती टाळू नये. ज्याला आपण धर्मसंकट म्हणतो ते पुष्कळदा दोन कर्तव्यांमधले भांडण नसतेच. एका बाजूला कर्तव्य असते आणि दुसऱ्या बाजूला कर्तव्याचे उपरणे पांघरलेला लाभ असतो. माझ्या कागदावर 'जमीन एकत्र ठेवणे' या ओळीसमोर माझ्याच वाट्याला येणारे जास्तीचे क्षेत्र होते. आपला लाभ वजा केल्यावरही ते कर्तव्य तितकेच तीव्र वाटते का, हे पाहावे. सभापर्वात विदुर कौरवांच्या सभेला प्रल्हादाची गोष्ट सांगतो ती याच संदर्भात. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि ऋषिपुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद लागला, दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाड्यासाठी ते प्रल्हादाकडेच गेले. मुलाचा प्राण जाण्याची शक्यता समोर असताना प्रल्हादाने सुधन्वा श्रेष्ठ असा निर्णय दिला. बापाचे कर्तव्य त्याला कळत नव्हते असे नाही. निवाडा करायला बसल्यावर ते बाजूला ठेवावे लागते हे त्याला कळत होते.

चार आधार तपासावेत, आणि त्यांचा क्रम समजून घ्यावा

धर्म कशावरून ओळखावा याचे उत्तर मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्हींनी जवळपास सारखेच दिले आहे: श्रुती म्हणजे वेद, स्मृती म्हणजे धर्मशास्त्राचे ग्रंथ, सदाचार आणि आपल्या अंतःकरणाला जे पटते ते. याज्ञवल्क्याने त्यात योग्य संकल्पातून उपजलेली इच्छा असा पाचवा आधार जोडला आहे. हे आधार एखाद्या यादीसारखे खूण करत जाण्यासाठी नाहीत. एकाने दिलेले उत्तर दुसऱ्याने पडताळायचे असते.

माझ्या प्रसंगात सदाचार म्हणजे गावाची रीत स्पष्ट होती. बहिणी हक्क सोडतात, भाऊ त्यांना चोळी-बांगडी करत राहतात, आणि ज्या बहिणीने हिस्सा मागितला तिचे माहेर तुटले असे चार घरांत बोलले जाते. पण सदाचार याचा अर्थ 'सगळे करतात ते' असा नाही. त्या शब्दात 'सत्' आहे. ज्यांचे वागणे लोभाने किंवा द्वेषाने बिघडलेले नाही अशांचा आचार तो सदाचार. ज्या रिवाजाचा लाभ रिवाज चालवणाऱ्यालाच मिळतो, त्याला हा मान देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

स्मृती पाहिल्या तर तिथे गावाच्या रीतीहून वेगळेच सापडले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात भावांनी आपापल्या हिश्श्यातून अविवाहित बहिणींना चौथा भाग द्यावा असे सांगितले आहे, आणि जे देणार नाहीत त्यांना पतित म्हटले आहे. हे वचन लग्न झालेल्या बहिणीला लागू होत नाही, त्यामुळे त्यावरून माझा प्रश्न सुटला नाही. पण मुलीचा वाटा ही परकी कल्पना आहे, हे आमच्याकडे नेहमी केले जाणारे विधान मात्र खोटे ठरले.

स्मृतिग्रंथांविषयी येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. ज्या ग्रंथात हे वचन आहे त्याच ग्रंथात जन्मावरून माणसाला हीन ठरवणारी वचनेही आहेत, आणि म्हणूनच 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. धर्म शोधणाऱ्याने ही घटना टाळून पुढे जाऊ नये. ग्रंथ उघडावा तो आपल्याला सोयीचा श्लोक शोधण्यासाठी नव्हे, आणि जे वचन दुसऱ्या माणसाचे माणूसपण नाकारते त्याला साधारण धर्मातल्या अहिंसेच्या आणि दयेच्या कसोटीवर बाद करण्याचा अधिकार आपल्याला आहे हे जाणून. हा अधिकार बाहेरून आणलेला नाही. लोकांना जे घृणास्पद वाटते ते शास्त्रात धर्म्य म्हणून सांगितलेले असले तरी आचरू नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीच सांगते. जे परिणामी दुःखद ठरेल आणि ज्याविरुद्ध लोक आक्रोश करतील असा धर्मही सोडावा, असे मनुस्मृतीतही आहे. पूर्वी मान्य असलेले नियोगासारखे (पतीखेरीज दुसऱ्या पुरुषाकडून अपत्य मिळवण्यासारखे) आचार धर्मशास्त्रावर पुढे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी 'कलिवर्ज्य', म्हणजे कलियुगात वर्ज्य, म्हणून बंद केले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाच्या बाजूने पराशरस्मृतीतले वचन पुढे आणले आणि 1856 साली तसा कायदा झाला. महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये स्वतः विधवेशी विवाह करून ते वचन घरात उतरवले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड 1930 ते 1962 या काळात लिहिले, आणि ते चाळले तरी आचार किती वेळा आणि कशा कारणांनी बदलले हे पानोपानी दिसते.

आजच्या संसारात स्मृतीच्या जागी कायद्यालाही बसवावे लागते, कारण सर्वांनी मिळून मान्य केलेली मर्यादा आता तिथे लिहिलेली असते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे. महाराष्ट्राने त्या दिशेने 1994 मध्येच पाऊल टाकले होते. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तेव्हा बहिणीला मी काही 'देणार' होतो ही माझी भाषाच चुकीची होती. तिचे तिच्याकडे आधीच होते. मी ते मागत होतो.

चौथा आधार म्हणजे आत्मतुष्टी, अंतःकरणाची साक्ष. मराठीत आपण 'जनाची नाही तर मनाची' म्हणतो त्यातली ही मनाची लाज. हा आधार शेवटी ठेवला आहे त्याला कारण आहे. आधीचे तीन आधार न तपासता मनाला विचारले तर मन सवयीचेच उत्तर देते. मीही सही मागताना मनाला विचारलेच होते, आणि मन शांत होते. सगळे तपासून झाल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मात्र ते शांत राहिले नाही.

कोणाला विचारावे

या विषयावर मला सापडलेले सर्वांत उपयोगी मार्गदर्शन तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत आहे. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य 'सत्य बोल, धर्माने वाग' असे सांगतात, आईला, वडिलांना, आचार्यांना आणि अतिथीला देव मान असे सांगतात, आणि लगेच पुढे, आमची जी चांगली आचरणे असतील तीच घे, बाकीची नको, असेही बजावतात. गुरूने स्वतःच्या वागण्यातलेही निवडून घ्यायला सांगावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यानंतर ते म्हणतात, की एखाद्या कर्माविषयी किंवा वर्तनाविषयी तुला शंका आली, तर त्या ठिकाणी जे विचारी ब्राह्मण असतील ते जसे वागतील तसा वाग. हे लोक कसे असावेत याची लक्षणे तिथेच दिली आहेत, आणि सल्लागार निवडताना ती एकेक करून लावून पाहता येतात.

पहिले लक्षण 'संमर्शी', म्हणजे सगळ्या बाजू तोलू शकणारा. आपण प्रश्न सांगायला सुरुवात करताच जो उत्तर देतो तो संमर्शी नव्हे. जो आधी चार प्रश्न विचारतो तो असू शकतो. दुसरे 'युक्त', म्हणजे त्या कामात स्वतः असलेला, अनुभवी. तिसरे 'आयुक्त', आणि शंकराचार्यांच्या भाष्यानुसार त्याचा अर्थ दुसऱ्याने पुढे न घातलेला, कोणाच्या सांगण्यावरून न बोलणारा. चौथे 'अलूक्ष', म्हणजे रुक्ष नसलेला, मनाने कोरडा किंवा कठोर नसलेला. पाचवे 'धर्मकाम', ज्याला यातून पैसा, मान किंवा जुन्या भांडणाचा हिशेब मिळवायचा नाही.

मी सर्वांत आधी चुलत्यांना विचारले होते. ते अनुभवी होते आणि माझ्यावर त्यांची माया आहे. पण त्यांनी स्वतःच्या दोन बहिणींकडून पंचवीस वर्षांपूर्वी असेच हक्कसोड करून घेतले होते. मला वेगळा सल्ला देणे म्हणजे त्यांना स्वतःच्या त्या कृतीकडे पुन्हा पाहावे लागणे, आणि तेवढे त्यांच्याकडून मी अपेक्षिणेच अन्यायाचे होते. त्यानंतर एका ओळखीच्या दस्तलेखकाला विचारले. त्याने कागद कसा पक्का होईल ते उत्तम सांगितले, आणि माझा प्रश्न तो नव्हताच. शेवटी गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी काम थांबवले नाही, पण मला पाच प्रश्न विचारले: आई कोणाजवळ राहणार, भावाचे कर्ज किती, बहिणीच्या घरची परिस्थिती कशी, तिला जमिनीची आजची किंमत माहीत आहे का, आणि तिने नाही म्हटले तर भाऊबीज चालू राहील का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला पटकन देता आले नाही. त्यांनी सल्ला असा दिलाच नाही. "त्या उत्तरावर बसा दोन दिवस," एवढेच म्हणाल्या.

उपनिषदात 'ब्राह्मण' हा शब्द आहे याचा अर्थ कोणी जातीपुरता घेऊ नये म्हणून वनपर्वातल्या दोन जागा लक्षात ठेवाव्यात. यक्षाच्या प्रश्नाला उत्तर देताना युधिष्ठिर म्हणतो, की ब्राह्मणत्वाला कारण कुळ नाही, अध्ययन नाही, केवळ वर्तन आहे. आणि त्याच पर्वात कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाची कथा आहे. नुसत्या क्रुद्ध नजरेने बगळीला मारणारा हा कौशिक एका गृहिणीच्या दारी भिक्षेला जातो, पतीला वाढण्यात गुंतल्यामुळे तिला उशीर होतो, तो रागावतो, तेव्हा ती मी काही बगळी नव्हे असे शांतपणे सांगून त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेतल्या एका व्याधाकडे पाठवते. तो व्याध मांस विकत बसलेला असतो. तो त्याला घरी नेतो, आपण आईवडिलांची सेवा कशी करतो ते दाखवतो, आणि मग सांगतो: तू वेदाध्ययनासाठी आईवडिलांना न विचारता निघून आलास, ते तुझ्या शोकाने आंधळे झाले आहेत, आधी घरी जा.

सत्य कोणते सांगावे, आणि कसे

निर्णय काय होतो यापेक्षा तो ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळे कळले आहे का, हे बहुतेक पेचांत अधिक महत्त्वाचे ठरते. दोन महिन्यांनी मी बहिणीला बोलावले तेव्हा सातबाऱ्याचे उतारे, क्षेत्र, भावाच्या कर्जाचा आकडा, आजूबाजूच्या जमिनीला मिळालेला भाव आणि कायद्याने तिचा हिस्सा किती, हे सगळे एका कागदावर लिहून तिच्या हाती दिले. कागद घरी घेऊन जा, घरी दाखव, मग बोलू, असे सांगितले. माहिती दडवून मिळवलेली संमती ही संमती नसते, मग ती कितीही हसतमुखाने दिलेली असो.

सत्याविषयी कर्णपर्वातली गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. नदीकाठी राहणाऱ्या दुसऱ्या एका कौशिकाने सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतले होते. लुटारूंना भिऊन लपलेली माणसे कुठे गेली हे त्याने विचारताक्षणी खरे सांगितले, ती मारली गेली, आणि तो नरकाला गेला. ही गोष्ट सांगून खोटे बोलण्याची मुभा काढणाऱ्यांनी प्रसंग पाहावा. तिथे सत्याने निरपराधांचा जीव जात होता आणि बोलणाऱ्याला खोट्याने काही मिळणार नव्हते. जिथे खोट्याचा किंवा मौनाचा लाभ आपल्यालाच होतो, तिथे या कथेचा आधार घेता येत नाही.

श्रीकृष्ण ही गोष्ट सांगतात तो प्रसंग तर आपल्या घरांच्या फार जवळचा आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याला मारीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि नेमके तेच रागाच्या भरात युधिष्ठिर म्हणाला. प्रतिज्ञा पाळावी तर थोरल्या भावाचा वध, न पाळावी तर वचनभंग. श्रीकृष्णांनी तोड सांगितली: वडीलधाऱ्याला 'तू' म्हणून अपमानित करणे हा त्याचा वधच आहे, तेवढे कर. अरे-तुरे आणि अहो-जाहो यांचे वजन ज्यांना घरात रोज जाणवते अशा मराठी माणसाला ही तोड समजावून सांगावी लागत नाही. मला त्यातून व्यवहारात एवढे मिळाले, की घरातल्या वाटणीच्या बोलण्यात जमिनीपेक्षा शब्दांनी जास्त माणसे मरतात, म्हणून अशा बैठकीत कोणी आवाज चढवला की ती त्या दिवसापुरती थांबवावी.

आपद्धर्माची मर्यादा

कधीकधी नेहमीचा नियम पाळणे खरोखरच शक्य नसते, आणि परंपरेने त्यासाठी आपद्धर्म मान्य केला आहे. त्याची मर्यादा कळण्यासाठी छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची कथा पुरेशी आहे. कुरुदेशात पिके नष्ट झाली होती, उषस्ती उपाशी होता, आणि त्याने हत्ती सांभाळणाऱ्या माणसाकडून त्याच्या ताटातले उष्टे कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे कडधान्य, मागून खाल्ले. त्या माणसाने पाणी पुढे केले तेव्हा मात्र ते उष्टे आहे म्हणून त्याने नाकारले. मग कुल्माष उष्टे नव्हते का, असे विचारल्यावर तो म्हणाला, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तिथे मिळते.

माझ्या धाकट्या भावाचे कर्ज हे खरे संकट होते, आणि त्याच्यासाठी बहिणीकडे काही मागणे अधर्म नव्हते. पण मागायचे ते गरजेपुरते आणि मुदतीपुरते. कर्ज फिटेपर्यंत वाटप करून न घेणे, एवढे मागणे पुरेसे होते. कायमचा हक्क सोडायला सांगणे म्हणजे उष्ट्या धान्याबरोबर पाणीही पिऊन टाकणे झाले असते. सवलत घेताना ती कधी संपेल ते लिहून ठेवावे. मुदत नसलेला आपद्धर्म दोनचार वर्षांत घराचा रिवाज होऊन बसतो.

ठरल्यावर काय करावे

निर्णय झाला की तो फार काळ नुसता मनात ठेवू नये, कारण रोज थोडा थोडा तो आपल्या बाजूला सरकतो. आम्ही वारस नोंदीसाठी आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण अशा चौघांच्या नावांनी अर्ज दिला. जमीन भाऊच कसणार, कर्ज फिटेपर्यंत बहीण वाटप मागणार नाही, आणि तोवर दर सुगीला तिच्या वाट्याचे धान्य किंवा त्याची किंमत तिला पोहोचेल, असे साध्या भाषेत लिहून चौघांनी सह्या केल्या. पहिल्या कागदासाठी मी तिची माफी मागितली. प्रायश्चित्ताचा विचार करताना मनुस्मृतीने चूक उघड सांगणे आणि पश्चात्ताप होणे यांनाही शुद्धीची साधने मानले आहे. ओसरीवर सगळ्यांसमोर झालेली चूक एकांतात कबूल करून भागणार नाही असे मला वाटले, म्हणून सगळे जमले होते तेव्हाच बोललो.

सर्वांना समाधान देणारा निर्णय नेहमी मिळतो असे मात्र नाही, आणि कोणी रागावले म्हणून निर्णय अधर्माचा होता असेही होत नाही. चुलते त्या वर्षी दिवाळीला आले नाहीत. त्यांना मी फराळाचा डबा घेऊन स्वतः जाऊन भेटलो, वाद काढला नाही, आणि पुढेही काढणार नाही. पुतण्या म्हणून माझे त्यांच्याकडचे देणे तसेच उभे आहे.

फेरफाराची नोंद मंजूर झाल्यावर नवा उतारा हाती आला तेव्हा मी तो बहिणीला नेऊन दिला. तिने चष्मा लावला, वडिलांच्या नावावर ओढलेला कंस पाहिला, त्याखालची चार नावे सावकाश वाचली, आणि स्वतःच्या नावात लग्नाआधीचे आडनाव पडले आहे ते दुरुस्त करून घ्यावे लागेल का, असे विचारले. मी अर्ज लिहायला बसलो.